नकाशाच्या दोन कडा

बनाना, किरितिमाती बेट
मंगळवार, ५ मार्च २०१३, सकाळचे ६ वाजून २० मिनिटे

ती. ताकेताईस,
धाकट्या योतेबाचा सा. न. वि. वि.

हे पत्र सुरू केलं तेव्हा मी विमानतळावर सामानाच्या वजनकाट्यावर बसलो होतो आणि बोटांना गुंडाळलेला मासे धरायचा तंगूस सोडवत होतो. (काट्याने त्र्याहत्तर किलो दाखवलं. गेल्या महिन्यात पंच्याहत्तर होतं. काळजीने माणूस उतरतो तो असा.) विमान उद्या आहे. धावपट्टीवरचे खेकडे आज हाकलले तरी उद्या परत येतात, म्हणून आज वेळ आहे.

बाऊरोकाकांनी तुझ्याकरवी विचारलं होतं की तारावाच्या बोनरिकी विमानतळापासून आमच्या कॅसिडी विमानतळापर्यंत नेमकं अंतर किती. जवळच आहे, आपल्याच देशात आहे, असलं उत्तर चालणार नाही, आकडा हवा. जो माझी मुलगी न्यायला निघाला आहे त्याला ती किती लांब नेतो आहे एवढं तरी ठाऊक असावं, असं ते म्हणाले होते. मला ते पटलं. विमानतळावर दोघातिघांना विचारलं. एकाने पुष्कळ आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्याने विचारलं की चालत जाणार आहेस का. म्हणून रविवारी प्रार्थनेनंतर शाळेची किल्ली मागून घेतली आणि भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर स्वतः मोजलं.

रीत अशी: किरितिमातीवर टाचणी टोचली, तारावावर टाचणी टोचली, मध्ये तंगूस ताणला. नकाशाच्या कोपऱ्यात एक हजार किलोमीटरची रेघ आहे, तिच्यावर तंगूस पुन्हा पुन्हा ठेवला. छत्तीस वेळा पुरा बसला आणि वर पाऊण उरला. तीनदा मोजलं. अंतर छत्तीस हजार सातशे पन्नास किलोमीटर.

ताई, इतकं असेल असं मला वाटलं नव्हतं. विमानात बसण्याचा वेळ साडेसात तासांच्या आसपास आहे. म्हणजे ते ताशी चार हजार नऊशे किलोमीटर पळतं. आता चाकांजवळून जाताना मी लांबून वळसा घालतो. एकदा वैमानिकाला विचारणार होतो, पण तो खेकडे बघत होता.

आकडा मोठा आहे, म्हणून लपवावा असं एकदा मनात आलं. पण तेरूबेच्या वडिलांना पहिलंच पत्र खोटं लिहायचं नाही. त्यांच्यासाठी चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्यांना अक्षर लागत नाही, तेव्हा तूच वाचून दाखव, आणि आकडा हळू आवाजात वाच.

भावोजींना विचार, गेल्या खेपेला त्यांनी बुबुती म्हणून माझी विजेरी नेली ती वापरतात का. आपल्या माणसाने बुबुती म्हटलं की नाही म्हणता येत नाही, ते ठीक. पण विजेरी गेल्यापासून पहाटे खेकडे माझ्या पायांना सापडतात आणि पाय खेकड्यांना.

विमान आठवड्यातून एकदाच येतं. तुझी माया तेवढ्याने कमी होऊ नये, एवढं मागणं.

तुझा,
योतेबा


बिकेनिबेऊ, तारावा
रविवार, १७ मार्च २०१३

चि. योतेबास,
अनेक आशीर्वाद. भावोजींचेही. ते विचारताहेत की छत्तीस हजार किलोमीटरवर आशीर्वाद पोचेपर्यंत शिळे होतात का?

तू हळू आवाजात वाच म्हणालास. बाऊरोकाकांनी मला मानेआबात, गावाच्या सभाघरात, उभं केलं. प्रार्थना संपली होती, चटयांवर सगळं गाव बसलं होतं, ज्याचं कुळ ज्या खांबाशी बसतं तिथे. काका म्हणाले, मुलीची गोष्ट आहे, चोरून कशाला ऐकायची, वाच. मी वाचलं. आकडा लोकांनी मला पुन्हा वाचायला लावला. मग मागून म्हातारी बिना म्हणाली की एवढ्यात चंद्रावरचं स्थळ मिळालं असतं, आणि तिथला मुलगा निदान रोज दिसला तरी असता. त्यानंतर कोणी आवरेना. एकाने विचारलं की नवरी निघताना पोर असेल तर पोचताना आजी होईल का? भावोजी तर खांबाला धरून हसत होते. तुझा सख्खा मेव्हणा!

तेरूबे हसून हसून रडली. मग शेजारच्या पोरांना शिकवते तसं तिने मला समजावलं. एक नारळ घेतला, कोळशाने एक ठिपका तुझ्या बेटाचा काढला, त्याच्या शेजारी एक आमचा. म्हणाली की ताई, जग चटई नाही, नारळ आहे. कुणीतरी तो सोलून भिंतीवर पसरतो तेव्हा सुरी नेमकी आपल्यामधून फिरवतो. त्यामुळे तारावा पडतं उजव्या कडेला, तुझं बेट डाव्या कडेला. तू डावीकडून मोजत निघालास तो अमेरिका ओलांडलीस, आफ्रिका तुडवलीस, हिंदुस्थान पालथा घातलास आणि आमच्या मागच्या दाराशी आलास. बाबा रे, वाटेत पाणी तरी प्यायलास का? पुढचं दार बोटभर अंतरावर होतं.

ती तुला आतापासून बायकोच्या नात्याने टोचते आहे, हे चांगलं लक्षण. पण काका हसले नाहीत. सगळं गाव हसत असताना त्यांनी तुझी चिठ्ठी माझ्याकडून मागून घेतली, चार घड्या घातल्या आणि तंबाखूच्या डबीत ठेवली.

हसण्यावारी नेऊ नकोस. त्यांनी हे का विचारलं ते मला परवाच कळलं. त्यांचा थोरला भाऊ तीस वर्षांपूर्वी खोबरं काढायच्या कामाला तिकडच्याच बेटांवर गेला. जाताना म्हणाला होता की इथेच तर आहे, आपल्याच देशात, येईन नाताळला. तो गेल्याची बातमी बोटीने आली तेव्हा त्याला पुरून चाळीस दिवस झाले होते. तेव्हापासून इथेच तर आहे असं कुणी म्हणालं की काका उठून जातात.

तेव्हा नीट मोजून पुन्हा लिही. भावोजींचा सल्ला असा की आता मिळेल तितका लहान आकडा लिही, म्हाताऱ्याला बरं वाटेल. पटेल ते कर.

आमच्यावरचा लोभ तुझ्या आकड्याएवढा नको, पेलवणार नाही. आहे तेवढाच असू दे.

तुझी,
ताके

ता. क. विजेरी चालते. भावोजी तिने रात्री खेकडेच धरतात.


बनाना
मंगळवार, २६ मार्च २०१३, दुपारचे १ वाजून ५ मिनिटे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी एका पाहुण्याच्या बोचक्याचं वजन करत होतो. कान इतके तापले की एकवीस किलोचे बारा लिहिले. पाहुणा खूश होऊन गेला. मी अजून त्या नऊ किलोंच्या काळजीत आहे.

पुन्हा शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना सांगून नकाशा भिंतीवरून उतरवला, गुंडाळी केली आणि डावी कड उजव्या कडेला लावली. ताई, आपण शेजारी शेजारी आलो. मी बराच वेळ बघत बसलो. लहानपणापासून तो नकाशा बघतो आहे, पण त्याला वळवावं असं कधी मनात आलं नाही. कागद संपला की जग संपलं असंच वाटत होतं. गुंडाळी सारखी सुटत होती म्हणून कडा डिंकाने चिकटवल्या. ही चूक झाली, कारण आता त्या सुटत नाहीत.

आता सरळ अंतर तीन हजार दोनशे ऐंशी किलोमीटर. तीनदा मोजलं, नंतर एकदा तेरूबेच्या पद्धतीने नारळावरही.

पण इथेच अडचण आहे. हे अंतर समुद्रपक्ष्याचं. माणसाला सरळ येता येत नाही. विमान बोनरिकीहून आधी खाली दक्षिणेला फिजीत नांदीला जातं, तिथून दुसरं विमान वर आमच्याकडे येतं. तो तंगूस सत्तावन्नशे दहा भरला. आपल्याच देशात जायला परदेशातून जायचं. शिवाय विमान चुकलं तर एक आठवडा, आणि त्या आठवड्याला किलोमीटर नसतात.

भावोजींच्या सल्ल्यावर दोन दिवस विचार केला. बत्तीसशे ऐंशी खोटं नाही. पण त्या भावाने म्हटलेलं इथेच तर आहे, तेही खोटं नव्हतं ना? म्हणून काकांच्या चिठ्ठीत मी दोन्ही आकडे लिहिले आहेत आणि खाली आठवड्याचंही. पहिल्या आकड्याबद्दल माफी मागितली आहे. त्यांनी नाही म्हटलं तर मला राग येणार नाही, एवढं सांग. (येईल, पण काकांवर नाही, फिजीवर.)

तेरूबेला म्हणावं, वाटेत पाणी प्यायलो नाही. सहा आठवडे तारावाला काट्याचं काम शिकायला आलो होतो तेव्हा तिने दिलेली ताडीच्या पाकाची बाटली अजून जपून ठेवली आहे, बोटभर उरली आहे. ती संपण्याआधी उत्तर आलं तर बरं.

तुम्हा सगळ्यांची आठवण रोज काढतो. तुम्ही आठवड्यातून एकदा काढलीत तरी हिशोब फिटला.

तुझा,
योतेबा


बिकेनिबेऊ
बुधवार, १० एप्रिल २०१३

चि. योतेबास,
अनेक आशीर्वाद.

आजचं पत्र छोटं आहे. बाऊरोकाका शेजारी चटईवर बसले आहेत आणि माझ्या पेनकडे बघताहेत. त्यांना अक्षर लागत नाही, पण किती लिहिलं ते दिसतं. मी सांगतो त्याहून एक ओळ जास्त गेली तर मला कळेल, अशी तंबी आहे. ते सांगतात ते असं:

योतेबा, तुझी दुसरी चिठ्ठी ऐकली. ती पहिलीच्या शेजारी डबीत ठेवली आहे. तंगुसाने मोजलेलं मला कळत नाही. मी अंतर बसून मोजतो. तेव्हा बोनरिकी ते कॅसिडी जायचं आणि यायचं तिकीट मला दे. ही बुबुती आहे. बाऊरो.

एवढंच. तेरूबेने आपला निरोप म्हणून एकच शब्द घालायला सांगितला होता, पण काका मोजताहेत.

आहे ते प्रेम राखून ठेव.

ताके


बनाना
बुधवार, १७ एप्रिल २०१३, सकाळचे ९ वाजून ४० मिनिटे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विमान आत्ताच उडालं, त्याच्याबरोबर आलेलं तुझं पत्र काट्यावर ठेवून तीनदा वाचलं. कागदाचं वजन काहीच भरत नाही. मजकुराचं फार आहे.

ताई, तिकीट म्हणजे एक हजार आठशे साठ डॉलर. मी लंडनच्या दुकानदाराकडे चौकशी केली, त्याची बायको तिकिटांचं बघते. (भावोजींना सांग, लंडन म्हणजे आमच्याच बेटावरचं, बंदराजवळचं. त्यांनी गेल्या वेळी गावभर सांगितलं होतं की मेव्हणा लंडनला सौदा करायला जातो, त्याचे मला अजून टोमणे ऐकावे लागतात.) माझ्याजवळ होडीच्या इंजिनासाठी साठवलेले दोन हजार एकशे चाळीस आहेत. तीन वर्षांचे आहेत. दोन महिन्यांनी इंजिन येणार होतं. त्याच्यावर घालायला ताडपत्रीसुद्धा शिवून ठेवली आहे.

मला वाटतं ही परीक्षा आहे. नाही तर शिक्षा, पहिल्या आकड्याची. किंवा ते येतील, बघतील, दूर आहे म्हणतील आणि मुलगी न देता परत जातील. मग मुलगीही नाही आणि इंजिनही नाही. आणखी एक शंका आहे, ती विचारायला लाज वाटते. बुबुती आपल्या माणसाकडे मागतात. काका तर माझे अजून कुणीच नाहीत. नातं नसताना बुबुती मागायची रीत तारावावर सुरू झाली आहे का? इकडे तरी नाही. कुणालातरी विचारून कळव.

पैसे मात्र आजच भरले. तिकीट २८ मेचं आहे, २९ला सकाळी ते इथे उतरतील. नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. पाकाची बाटलीही आज संपवली, कारण धीर हवा होता.

मोठ्या बहिणीने धाकट्याला हसावं, पण एका हाताने पाठ थोपटावी.

तुझा,
योतेबा


बिकेनिबेऊ
रविवार, २८ एप्रिल २०१३

चि. योतेबास,
अनेक आशीर्वाद. आणि एक टपली.

अरे ठोंब्या! शंका बरोबर विचारलीस आणि उत्तर समोर असताना काट्यावर जाऊन बसलास. नातं नसताना बुबुती मागायची रीत कुठेच सुरू झालेली नाही. परक्याकडे मागितलं तर ती भीक होते, आणि बाऊरोकाका उपाशी मरतील पण भीक मागणार नाहीत. त्यांनी तुझ्याकडे बुबुती मागितली ती मला पत्र सांगताना, भोवती बसलेल्या पंचवीस माणसांसमोर, मोठ्याने. ते ऐकलं आणि म्हाताऱ्या बिनाने तिथल्या तिथे हातातली चटई खाली ठेवली. तेरूबेची आई उठून चुलीकडे गेली आणि कारण नसताना भात चढवला. सगळ्यांना कळलं. न कळलेला माणूस एकच, आणि तो तीन हजार दोनशे ऐंशी किलोमीटरवर बसून वजन करत होता.

तू पैसे आधी भरलेस आणि शंका मागाहून विचारलीस, हे मी काकांना वाचून दाखवलं. (लाजेचा भाग गाळला. बरं, नाही गाळला.) तेव्हा ते प्रथमच हसले. मी धीर करून विचारलं की पहिल्या चिठ्ठीला तुम्ही का हसला नाहीत. ते म्हणाले, आजवर तिकडे जाणारा प्रत्येक जण अंतर कमी करून सांगत आला. माझा भाऊसुद्धा. हा पहिला भेटला ज्याने आहे त्याच्या दसपट सांगितलं आणि तरी मुलगी मागितली.

पण हुरळून जाऊ नकोस. त्यांनी तुला आपला म्हटलं आहे, मुलगी तिकडे राहायला देतो असं अजून म्हटलेलं नाही. तू नोकरी सोडून इकडे आलास तर त्यांना चालेल. तिकडे न्यायची तर ते बसून मोजणार आणि मग बोलणार. तेरूबे रोज फुलझाडाला पाणी घालते. वडिलांबरोबर तुला डोक्यावर घालायला हार पाठवायचा आहे म्हणे. काकांनी तिला सांगितलं आहे की तो मी हातात नेणार नाही, डोक्यावर घालून नेईन. आणि मोजायला मला दुसरं काही लागणार नाही.

याचा अर्थ मला विचारू नकोस. तो अर्थ यावेळी माझ्याही डोक्यावरून गेला.

धावपट्टी त्या दिवशी जरा जास्तच झाड. माझी माया तुझ्या पाठीशी आहे, टपलीसकट.

तुझी,
ताके


बनाना
मंगळवार, ४ जून २०१३, संध्याकाळचे ५ वाजून ३० मिनिटे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काका माझ्या अंगणात मासा भाजताहेत आणि वारा कसा चुकीच्या बाजूने येतो ते वाऱ्याला समजावताहेत. उद्याच्या विमानाने ते हे पत्र घेऊन निघतील. त्यांना अक्षर लागत नाही म्हणून निर्धास्त लिहितो.

२९ला सकाळी मी साडेचारपासून धावपट्टीवर होतो. तीनशे बारा खेकडे हाकलले. विमान उतरलं, गळाने मासे धरायला येणारे परदेशी उतरले, सगळ्यात शेवटी काका. डोक्यावर हार होता. ताई, त्या हाराकडे बघवेना. पांढरी फुलं पार तपकिरी झाली होती, पाकळ्या कानावर चिकटल्या होत्या. मागाहून कळलं की नांदीला दिवसभर आणि अर्धी रात्र ते विमानतळाच्या आतल्या बाकावर ताठ बसून राहिले. बाहेर गेलो तर विमान मला टाकून जाईल म्हणून बाहेर पडले नाहीत, आणि आडवं झालो तर हार चुरडेल म्हणून झोपले नाहीत. एका साफसफाईवाल्या बाईने पाणी दिलं तर अर्धं प्यायले आणि अर्धं हारावर शिंपडलं.

उतरल्या उतरल्या त्यांनी हार काढला, माझ्या डोक्यावर ठेवला, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि म्हणाले की सुकला. दूर आहे. मी त्यांचं बोचकं उचललं. किती किलो होतं ते मला आज आठवत नाही, यावरून माझी अवस्था ओळख.

पाच दिवस तो विषयच नाही. त्यांनी माझं घर बघितलं, छपराच्या दोन पात्या बदलल्या, विहिरीचं पाणी चाखून तोंड वाकडं केलं. पोलंडला जाणाऱ्या ट्रकमधून भावाची कबर शोधायला गेलो. ती पोलंडमध्ये, खोबऱ्याच्या जुन्या कोठाराच्या मागे सापडली. (भावोजींना सांग, लंडनसारखं हे पोलंडही आमच्याच बेटावरचं.) काका तिथे बराच वेळ बसले. मी डोक्यावरचा तो सुकलेला हार काढून कबरीवर ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याहून बरं जवळ काही नव्हतं. काका म्हणाले की तीस वर्षांत घरचं फूल आज पोचलं.

काल त्यांना शाळेत नेलं. चिकटवलेला नकाशा दाखवला. त्यांनी अंगठा तारावावर ठेवला आणि करंगळी आमच्या बेटावर, आणि दोन्ही एकदम ठेवता येतात हे बघून पुन्हा एकदा ठेवून बघितलं. मग मला म्हणाले की कागदावर जवळ, विमानात लांब, आणि फुलाच्या मानाने फारच लांब; तू एकाही मापात मला फसवलं नाहीस. मी खाली बघत होतो. ते पुढे म्हणाले की फुलं एवढ्या लांब टिकत नाहीत, तेव्हा हार तिकडे करून इकडे पाठवण्यात काही अर्थ नाही. हार करणारीलाच इथे आणली पाहिजे.

ताई, मी नकाशाच्या गुंडाळीत तोंड घालून उभा राहिलो. मुख्याध्यापकांना वाटलं मी पुन्हा मोजतो आहे.

त्यानंतर लगेच काका म्हणाले की पोरीने इथे पहिला हार करताना आई शेजारी हवी, नाहीतर गाठ सैल मारते. तिच्या आईचं तिकीट. बुबुती. या वेळी मला समजावून सांगावं लागलं नाही. इतका आनंद मला आजवर कुणाच्या मागण्याचा झाला नव्हता.

तेरूबेला सांग, बाटली रिकामी आहे, भरून आण. बाकी हिशोब खाली देतो, भावोजींना दाखवू नकोस. तुझी माया अशीच असू दे. ती मोजायला माझ्याकडे तंगूस नाही.

तुझा,
योतेबा

साठवलेले: २,१४० डॉलर.
खर्च: काकांचं जाण्यायेण्याचं तिकीट १,८६०. तंगूस ३. शाळेला नवा नकाशा १८ (जुना मुख्याध्यापकांनी मलाच दिला, उघडत नाही म्हणून).
शिल्लक: २५९.
देणं: काकूंचं जाण्यायेण्याचं तिकीट १,८६०. तेरूबेचं तिकीट, फक्त येण्याचं, ९४०.
होडीचं इंजिन: वल्ही चांगली आहेत.